संशयाचें ओझें कोणाच्या शिरीं?

न्यायालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक आरोपीस समाजानें एक वचन देऊन ठेवलेलें असतें. अपराध सिद्ध होईपर्यंत तो निरपराधी समजला जाईल, आणि संशयास तिळमात्र जागा उरली तर तिचा फायदा त्याच्याच पदरांत पडेल, असें तें वचन आहे. हें वचन मिळविण्यास मनुष्यजातीला शतकानुशतकें झगडावें लागलें. त्याची थोरवी कमी करण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. परंतु तेंच वचन मनुष्याऐवजीं एखाद्या रासायनिक द्रव्यास लावलें, तर तें तितकेंच न्याय्य राहतें काय? हा प्रश्न वरवर चमत्कारिक दिसला, तरी तो प्रत्यक्ष न्यायासनापुढें आलेला आहे, आणि त्याच्या उत्तरावर कांहीं कुटुंबांचें स्वास्थ्य व सर्वस्व अवलंबून होतें.

घरच्या व्यवहारांत आपण नेमका याच्या उलट नियम पाळतों. दुधास किंचित् वास आला तर घरांतील वडील बाई तें मुकाट्यानें बाजूस ठेवते. ‘दूध नासलें असें आधीं सिद्ध करा, तोंवर मुलास पाजीत राहतें,’ असें ती म्हणत नाहीं. विहिरींत कांहीं पडल्याची नुसती बोलवा उठली, तरी त्या दिवशीं पाणी दुसरीकडून येतें. आणि यांत विहिरीवर अन्याय झाला असें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं. म्हणजे न्यायालयांत संशयाचा फायदा ज्याच्यावर संशय आहे त्यास मिळतो, आणि घरांत तो ज्याच्यावर संकट येण्याचा संभव आहे त्यास मिळतो. दोन्ही नियम आपआपल्या ठिकाणीं योग्य आहेत. पंचाईत होते ती दोन्ही एकाच ठिकाणीं समोरासमोर उभे राहिले म्हणजे.

अशी गांठ कॅनडाच्या पूर्व टोकास, नोव्हा स्कोशिया प्रांतांतील केप ब्रेटन बेटावर १९८२-८३ सालीं पडली. तेथील अरण्यांत स्प्रूस व बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षांची मोठी वाढ आहे व त्यांच्या लाकडापासून कागदाचा लगदा होतो. १९७० नंतरच्या दशकांत स्प्रूस बडवर्म नांवाच्या किडीनें या वृक्षांचा भयंकर संहार केला. मेलेलीं झाडें तोडून नेल्यावर उघड्या पडलेल्या जमिनींत पुन्हां स्प्रूस वाढवावा, तर त्याच्या आधींच रासबेरीचीं झुडपें, बर्च, मेपल, रानचेरी हीं झपाट्यानें वर येतात आणि कोंवळ्या रोपांचा सूर्यप्रकाश हिरावून घेतात. मजूर लावून तीं छाटतां येतात, पण त्यास खर्च फार येतो. तणनाशकाची फवारणी केली कीं काम थोडक्यांत आटोपतें. म्हणून नोव्हा स्कोशिया फॉरेस्ट इंडस्ट्रीज या लगद्याच्या कंपनीनें २,४-डी आणि २,४,५-टी या दोन द्रव्यांच्या फवारणीसाठीं प्रांतिक सरकारकडून परवाने मिळविले.

हीं द्रव्यें वनस्पतीच्या वाढीचें नियमन करणाऱ्या नैसर्गिक रसाचें सोंग घेतात. रुंद पानांच्या झाडांत तीं शिरलीं म्हणजे त्यांची वाढ बेताल होते व त्या वाढीनेंच तीं मरतात. सुईसारख्या पानांचे वृक्ष मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस, कोंब निबर झाल्यावर, या माऱ्यांतून बहुतेक वांचतात. येथवरचें ज्ञान पक्कें होतें. संशय होता तो निराळ्याच वस्तूविषयीं. २,४,५-टी तयार होतांना त्यांत टीसीडीडी नांवाचें एक डायऑक्सिन अत्यल्प प्रमाणांत उतरतें. तें कोणास हवें असतें म्हणून कोणी घालीत नाहीं. तें नको असतांही येतें. प्रयोगशाळेंतील प्राण्यांवर या द्रव्याचे जे परिणाम दिसून आले होते, ते अंगावर कांटा आणणारे होते. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन विमानांनीं अरण्यावर ओतलेलें ‘एजंट ऑरेंज’ म्हणजे याच दोन तणनाशकांचें निमें-निम मिश्रण होय. स्वीडननें २,४,५-टी वर १९७७ सालीं बंदी घातली होती, आणि अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें १९७९ सालीं जंगलांतील तिचा वापर तातडीनें थांबविला होता. येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. केप ब्रेटनमधील या कंपनीची मालकी स्वीडनमधील एका जुन्या उद्योगसंस्थेकडे होती. जें द्रव्य मालकाच्या मायदेशीं रानांत फवारण्याची मनाई होती, तेंच दुसऱ्याच्या दारीं फवारण्याचा हा बेत होता.

बेटावरील कांहीं जमीनमालकांनीं न्यायालयांत धांव घेतली. त्यांत मिकमॅक या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीचा प्रमुखही होता. त्यांचें म्हणणें साधें होतें: हें विष वाऱ्यानें आणि पाण्यानें आमच्या जमिनींत, आमच्या विहिरींत व आमच्या मुलांच्या अंगांत उतरेल, म्हणून तें आधींच थांबवावें. ‘पामर विरुद्ध नोव्हा स्कोशिया फॉरेस्ट इंडस्ट्रीज’ या नांवानें हा खटला कॅनडाच्या कायद्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. दोन्ही पक्षांनीं नामांकित शास्त्रज्ञ साक्षीस आणले. १९८३ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति मर्लिन नन यांनीं निकाल दिला तो वादींच्या विरुद्ध. फवारणीनें आरोग्यास गंभीर धोका आहे हें वादींना सिद्ध करतां आलें नाहीं, जें डायऑक्सिन लोकांपर्यंत पोंचण्याचा संभव आहे त्याचें प्रमाण अतिशय क्षुद्र आहे, आणि विज्ञानांतील वाद मिटविण्याचें स्थान न्यायालय नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. खटल्याच्या खर्चाचा बोजाही वादींच्याच माथीं आला.

या निकालाची निंदा करणें सोपें आहे; पण त्यांतील विचाराची बाजू आधीं नीट समजून घेणें हें आपलें कर्तव्य आहे. जो आरोप करतो त्यानें तो शाबीत करावा, हा नियम कोणा धनिकाच्या सोयीसाठीं झालेला नाहीं. तो नसता तर शेजाऱ्याचें प्रत्येक काम नुसत्या शंकेवर बंद पाडतां आलें असतें. कोणीं विहीर खणावयास घेतली तर ‘माझें पाणी आटेल’, कोणीं भट्टी लावली तर ‘माझें घर जळेल’, असें म्हणून कोणीही मनाई हुकूम आणला असता. शिवाय कायदेमंडळानें ज्या खात्यास औषधांची परीक्षा करण्याचें काम सोंपविलें, त्या खात्यानें तें द्रव्य पसंत केलें असतां, एका न्यायाधीशानें कांहीं दिवस साक्षी ऐकून त्याच्या वरचढ होऊन बसावें, यांतही धोका आहेच. लगद्याच्या कारखान्यावर पोट भरणारीं शेंकडों कुटुंबें त्याच बेटावर राहत होतीं. त्यांच्या चुलीचा विचार न करणें हाही अन्यायच झाला असता. न्यायमूर्तींनीं कायदा जसा होता तसा लावला, असें म्हणावयास हरकत नाहीं. आमचा प्रश्न पुढचा आहे: कायदा तसा असावा काय?

आम्हांस वाटतें, येथें दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. आरोपी मनुष्यास संशयाचा फायदा देतों तो कशासाठीं? त्याला शिक्षा झाली तर त्याचें स्वातंत्र्य, अब्रू, कदाचित् प्राणही जाणार असतात, म्हणून. द्रव्यास यांपैकीं कांहींच नाहीं. २,४,५-टी ला तुरुंगांत जावें लागत नाहीं, तिच्या मुलाबाळांस मान खालीं घालावी लागत नाहीं. फवारणी थांबली तर कंपनीचा खर्च वाढेल, आणि फवारणी झाली व संशय खरा ठरला तर एखाद्या घरचें मूल जन्मापूर्वींच जाईल. या दोन चुकांचें वजन सारखें नाहीं. फौजदारी न्यायांत आपण जी चूक अधिक भयंकर ती टाळण्यासाठीं संशयाचा तराजू मुद्दाम एका बाजूस झुकवितों. तेंच तत्त्व प्रामाणिकपणें येथें लावलें, तर तराजू उलट बाजूस झुकला पाहिजे. नियमाचें अक्षर पाळून त्याचा आत्मा हरविण्याचें हें उदाहरण होय.

याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यांत, हाच झगडा निराळ्या वाटेनें चालला होता. तेथें अरण्याचा मोठा भाग मध्यवर्ती सरकारच्या मालकीचा असून, सरकारनें कोणतेंही मोठें कार्य हातीं घेण्यापूर्वीं त्याचे परिणाम लेखी मांडले पाहिजेत, असा १९६९ च्या कायद्याचा दंडक आहे. स्यूस्लॉ अरण्यांतील फवारणीविरुद्ध नागरिकांनीं दावा लावला, तेव्हां १९७७ सालीं न्यायालयानें वनखात्याचें निवेदन अपुरें ठरविलें, कारण डायऑक्सिनच्या धोक्याचा त्यांत योग्य विचार केलेला नव्हता. त्याच अरण्याच्या परिसरांतील आल्सी गांवाजवळच्या आठ स्त्रियांनीं १९७८ सालीं सरकारला पत्र लिहून आपल्या गर्भपातांची हकीकत कळविली. आणि १९७९ सालची तातडीची बंदी आली ती त्यानंतर झालेल्या पाहणीच्या आधारें. सत्यास स्मरून हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या पाहणीच्या पद्धतींत पुष्कळ शास्त्रज्ञांनीं गंभीर दोष दाखविले. त्या स्त्रियांचें दुःख खरें होतें. त्याचें कारण तेंच होतें हें त्या पाहणीनें निर्विवाद ठरलें नाहीं.

परंतु ओरेगॉनच्या न्यायालयांनीं या अनिश्चिततेचें जें केलें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९८३ व १९८४ सालीं तेथील वरिष्ठ अपील न्यायालयानें सरकारी खात्यांस बजावलें कीं, द्रव्य नोंदणीकृत आहे एवढ्यावर विसंबून चालणार नाहीं. तुम्हांस जें ठाऊक नाहीं तें नाहीं म्हणून सांगा, आणि तुमचा अंदाज चुकला तर वाईटांत वाईट काय घडेल तें लोकांपुढें मांडा. ‘हें विष आहे काय?’ हा प्रश्न न्यायालयानें सोडविलाच नाहीं. ‘आपल्या अज्ञानाची कबुली तुम्हीं दिली काय?’ एवढेंच त्यानें विचारलें. न्यायाधीश रसायनशास्त्र जाणत नसेल, पण कबुली दिली कीं नाहीं हें ओळखण्यास त्याच्याइतका अधिकारी दुसरा कोण? या प्रश्नास खात्यांपाशीं उत्तर नव्हतें, म्हणून त्या भागांतील सरकारी अरण्यांत कित्येक वर्षें फवारणी थांबली. पुढें १९८६ सालीं हा ‘वाईटांत वाईट’ मांडण्याचा नियम सरकारनें काढून टाकला, आणि १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तो आतां बंधनकारक नाहीं असें ठरविलें. कायद्यांतून नियम गेला. त्यामागील नीति गेली असें मात्र म्हणतां येत नाहीं.

ती नीति कोणती, हें आतां स्पष्ट करूं. संशयाचें ओझें कोणीं उचलावें हें ठरवितांना तीन गोष्टी पाहाव्या, असें आम्हांस वाटतें. पहिली, लाभ कोणाचा आणि जोखीम कोणाची. मनुष्य आपल्या लाभासाठीं आपला जीव धोक्यांत घालतो तेव्हां आपण त्यास धाडसी म्हणतों. आपल्या लाभासाठीं दुसऱ्याचा घालतो तेव्हां त्यास काय म्हणावें हें सांगावयास नको. दुसरी, जाणण्याचें सामर्थ्य कोणापाशीं आहे. ज्यानें द्रव्य निर्माण केलें त्याच्यापाशीं प्रयोगशाळा आहे, पैसा आहे, कागदपत्र आहेत. ज्याच्या विहिरींत तें उतरणार त्याच्यापाशीं फक्त भीति आहे. भीति बाळगणाऱ्यानें पुरावा आणावा आणि ज्ञानाचीं साधनें असणाऱ्यानें स्वस्थ बसावें, ही वांटणी उफराटी आहे. तिसरी, चूक झाली तर ती दुरुस्त करतां येईल काय. न तोडलेलें झाड पुढच्या वर्षीं तोडतां येतें. जमिनींत मुरलेलें डायऑक्सिन पुढच्या वर्षीं परत काढतां येत नाहीं.

या तिन्ही कसोट्या लावल्या तर केप ब्रेटनचें ओझें कंपनीच्या शिरीं जातें. तें जमीनमालकांच्या शिरीं ठेवण्यांत आलें, आणि वर खर्चाचा भारही दिला गेला. या खर्चाच्या गोष्टीस लोक किरकोळ समजतात. आम्ही समजत नाहीं. न्यायालयाचें दार उघडें आहे, पण आंत जाऊन हरणाऱ्यास घर विकावें लागेल अशी स्थिति असेल, तर तें दार गरिबापुरतें बंदच म्हणावयाचें.

येथें ‘तण’ या शब्दाकडेही क्षणभर पाहावें. सृष्टींत तण नांवाची कोणतीही जात नाहीं. जें आपणांस नको त्या ठिकाणीं उगवतें तें तण. लगद्याच्या हिशेबांत बर्च हें तण आहे. पण त्याच बर्चच्या सालीपासून मिकमॅक लोकांनीं पिढ्यानपिढ्या होड्या व पात्रें केलीं. रासबेरी हें तण आहे. पण मधमाशीला, अस्वलाला आणि फळें वेंचीत हिंडणाऱ्या मुलाला विचारलें तर उत्तर निराळें येईल. शेतांतील तणाविषयीं शेतकऱ्याचा शब्द अखेरचा असतो, कारण शेत त्याचें. अरण्य कोणा एकाच्या हिशेबाचें असतें काय? फवारणीचा परवाना देतांना सरकार एका द्रव्यासच परवानगी देत नाहीं. अरण्यांतील काय ठेवावें व काय मारावें हें ठरविण्याचा अधिकारही तें एका पक्षाच्या हातीं देतें. त्या अधिकाराची चर्चा मात्र खटल्यांत कोठेंही होत नाहीं, कारण डायऑक्सिनचे अंश मोजतां मोजतांच न्यायालयाचे दिवस संपतात.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल व तो खरा आहे. प्रत्येक नव्या वस्तूनें आपली निरुपद्रविता संपूर्णपणें सिद्ध करावी असा आग्रह धरला, तर देवी काढण्यासारखी उपकारक गोष्टही जगांत आली नसती. शून्य धोका कोणासही दाखवितां येत नाहीं. शिवाय फवारणी न करणें हेंही निर्दोष नाहीं: करवत घेऊन उतारावर झुडपें छाटणाऱ्या मजुराचा हातपाय जाऊं शकतो. हें सर्व मान्य. पण ओझें शिरावर घेणें याचा अर्थ अशक्य तें सिद्ध करणें असा नव्हे. आधीं शोध घेणें, जें कळलें नाहीं तें कबूल करणें, दुसरा मार्ग आहे काय हें खऱ्या मनानें पाहणें, आणि चूक झाल्यास भरपाईस तयार असणें, एवढाच त्याचा अर्थ. देवी काढणारा ज्याला टोचतो त्याच्याच रक्षणासाठीं टोचतो. हा फरक विसरतां कामा नये. आणि दुसरा मार्ग बहुधा असतो. त्याच कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें २००१ सालापासून आपल्या सरकारी अरण्यांत रासायनिक तणनाशकें बंद केलीं. खर्च वाढला असेल. लाकडाचा धंदा मात्र बुडाला नाहीं.

आपल्या देशानेंही या प्रश्नाचा विचार केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तमिळनाडूंतील कातड्याच्या कारखान्यांनीं पाणी नासविल्याच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं असें तत्त्व घालून दिलें कीं, आपली कृति पर्यावरणास घातक नाहीं हें दाखविण्याचा भार ती कृति करणाऱ्यावर आहे. तत्त्व असलें तरी तें वेळेवर लागू होतेंच असें नाहीं. केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत सरकारी मालकीच्या काजूच्या मळ्यांवर एंडोसल्फान हें कीटकनाशक विमानांतून वर्षानुवर्षें फवारलें गेलें. सर्वोच्च न्यायालयाची देशव्यापी मनाई आली ती २०११ सालीं. तोंवर त्या मळ्यांभोंवतालच्या गांवांतील व्यंग घेऊन जन्मलेलीं मुलें मोठीं झालीं होतीं. पुरावा पुरा होण्याची वाट पाहणें म्हणजे कोणाच्या तरी देहावर पुरावा गोळा होऊं देणें, हें तेथें डोळ्यांस दिसलें.

केप ब्रेटनची पुढची हकीकत थोडक्यांत सांगून हा लेख पुरा करतों. ज्या वर्षीं वादी हरले त्याच वर्षीं अमेरिकेंतील मुख्य उत्पादकानें २,४,५-टी साठीं चालविलेला आपला झगडा सोडून दिला, आणि त्या द्रव्याचे दिवस भरले. १९९७ सालीं कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें टीसीडीडी हें मनुष्यास कर्करोग करणारें द्रव्य म्हणून जाहीर केलें. म्हणजे हरलेल्यांची भीति पोकळ नव्हती. परंतु या शेवटानें आम्ही त्यांचा पक्ष सिद्ध झाला असें म्हणत नाहीं. न्यायमूर्तींना १९८३ सालीं १९९७ सालचें ज्ञान असणें शक्य नव्हतें, आणि मागाहून कळलेल्या गोष्टीवरून आधींचा निकाल तोलणें न्याय्यही नव्हे.

उलट आम्हीं असें विचारूं: समजा, तें द्रव्य पुढें अगदीं निरुपद्रवी ठरलें असतें, तर त्या लोकांची तक्रार खोटी झाली असती काय? आमच्या मतें नाहीं. त्यांची तक्रार ‘हें विष आहे’ एवढीच नव्हती. आमच्या अंगणांत काय पडावें हें आम्हांस न विचारतां दुसऱ्यानें ठरवावें, त्याचा लाभ त्यानें घ्यावा, आणि संशय मात्र आम्हीं जन्मभर वागवावा, ही ती तक्रार होती. झोंपलेल्या मुलाच्या उशाशीं बसून ‘वारा आज कोणत्या दिशेचा आहे’ असा विचार करणाऱ्या आईस प्रयोगशाळेच्या अहवालानें कांहीं वर्षांनीं दिलासा दिला, तरी त्या रात्री तिला कोणीही परत देऊं शकत नाहीं. दुधाचें भांडें बाजूस ठेवणाऱ्या वडील बाईस हें कोणीं शिकविलें नव्हतें. घरांत जें आपण न शिकतां पाळतों, तें सरकारदरबारीं पाळलें जावें असा आग्रह धरण्याचा अधिकार नागरिकांस आहे. आणि तो आग्रह आपल्या रानापुरताच नव्हे, शेजाऱ्याच्या रानासाठींही धरणें हें त्याचें कर्तव्य आहे.